निळ्या वाडग्याचं बूड

रेवणप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फुलदाणी चाटत होते. मानवतच्या भर बाजारात, भर दुपारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला सत्तरीचा माणूस फुलदाणीच्या बुडाला जीभ लावून डोळे मिटून बसला होता. चष्मा एवढा जाड की एका भिंगातून सेलूचं स्टेशन आणि दुसऱ्यातून थेट चारमिनार दिसावा. मी चहाचे सहा ग्लास घ्यायला गेलो होतो. ते अडीच तासांनी मिळाले. मधल्या वेळात मला काचेचा इतका इतिहास पाजण्यात आला की घरी येऊन मी त्या ग्लासांना वाकून नमस्कार केला.

चाटण्याचं कारण साधं होतं. साच्यात दाबून काढलेल्या जुन्या रंगीत काचेवर कारखान्याची खूण असते. ती झिजली की बोटाला लागत नाही, पण जिभेला लागते, असं त्यांचं म्हणणं. दुकानात विकायला नवा माल. पण गल्ल्याखाली एक पत्र्याची पेटी, आणि तिच्यात निव्वळ फुटके तुकडे. कोणत्या कारखान्याचं बूड, कोणाचा काठ, प्रत्येकाला चिठ्ठी. त्यांच्या पत्नी भागम्मा म्हणायच्या, "लोकं घरात सोनं साठवतेत. आमचे हे धनुर्वात साठवायलेत."

अशा या माणसाला घाम फुटलेला मी एकदाच पाहिला.

मानवतचे कापसाचे व्यापारी राजेश्वरशेठ पेडगावला एका बारशाला गेले होते. शेजारच्या कासाबाईने पंगतीला दही पाठवलं, ते निळ्या काचेच्या वाडग्यातून. शेठ चारचौघांत बोलून गेले, "हा तर आमच्या सहा वाडग्यांतला! आजोबांच्या काळात गेला. तवा आमच्याकडं दूध घालायला धोंडीबाच यायचा."

धोंडीबा म्हणजे कासाबाईचा वारलेला सासरा. जन्मभर शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडलेला म्हातारा मेल्यावर तीस वर्षांनी पंगतीत चोर ठरला. कासाबाई ओरडून सांगत राहिली की मामंजींनी तो हैदराबादच्या नुमाइशीतून, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनातून, विकत आणला होता. पण पावती कुठून आणणार? शेवटी ठरलं, रेवणप्पा सांगतील ते खरं. शेठच्या घरी उरलेले पाच आणि हा एक, एकाच कारखान्याच्या एकाच साच्यातले निघाले तर चोरी. नाही तर नाही.

यात एक अडचण होती. रेवणप्पांची सून ही शेठची सख्खी भाची. म्हणून दुकानात तिऱ्हाईत साक्षीदार म्हणून मला बसवलं. माझी पात्रता एवढीच की मला काचेतलं काही कळत नाही.

"शरणार्थ, अप्पा," हात जोडून म्हणत शेठनी टॉवेलातून पाचांतला एक वाडगा काढला. बुडाला गोलात मुकुट, भोवती कोरीव किरण. रेवणप्पांनी नखाने मोजले. चोवीस.

कासाबाईने पदराआडून आपला काढला. लखलखीत. रेवणप्पांनी तो उलटा केला, डोळ्याशी धरला, जीभ लावली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मधली खूण सपाट झाली होती.

"कशानं घासताव हो बाई?"

"राखंनं, अप्पा. नारळाच्या शेंडीनं. रोज. आज तुमच्यासमोर आणायचा म्हून दोनदा घासला."

"चाळीस वर्सापासून पुरावाच घासायलाव की तुमी!"

रेवणप्पांनी भस्माची चिमूट बुडाला चोळली आणि हलकेच फुंकर मारली. पांढरी रेघ उमटली. कमान. मग अर्धं वर्तुळ.

"गोल हाय!" शेठ उठलेच. "अप्पा, त्योच गोल!"

कासाबाई वाडग्यावर वाकली. आतून भागम्मांचा आवाज आला, "सोयरे हायेत म्हून घाई करू नका हो!"

गोलाच्या आत काहीच उरलं नव्हतं. कडेचे किरण मात्र खोल होते. शेंडी तिथवर पोचली नव्हती. रेवणप्पांनी एका किरणावर भस्माचा ठिपका ठेवला आणि तिथून नख सरकवायला सुरुवात केली. चोवीस झाले की म्हातारा चोर. बारा. तेरा. त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब टपकला, तो त्यांनी कोपराने पुसला. सतरा. कासाबाईचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. अठरा, एकोणीस, वीस. नख ठिपक्याला टेकलं.

"चुकलाव," शेठ म्हणाले. "परत."

उलट्या बाजूने मोजले. वीस. मग शेठनी स्वतः मोजले. वीसच.

रेवणप्पांनी पेटी ओढली. एक निळा फुटका तुकडा काढला. त्यावर गोलात कमळ होतं. किरणाला किरण लावून पाहिला. तंतोतंत बसला.

"ह्यो उत्तरेकडचा देशी कारखाना. परदेशी मालाची नक्कल करायचे. शेठ, तुमचा मुकुटवाला परदेशी. नमुना सारखा, साचा निराळा."

"मंग आमचा सहावा कुठं गेला?"

"ते काचंवर लिवलेलं नसतंय."

कासाबाईने वाडगा पुसून पदरात घेतला. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "शेठ, हे पेडगावात येऊन सांगा. जिथं बोललाव तिथंच."

"येतो की, बाई. लय काम हाय सध्या."

शेठ पेडगावला गेले नाहीत. रेवणप्पा त्याच उन्हाळ्यात वारले. मी एकदा जाऊन चावडीवर सांगून आलो, पण तिथले निम्मे लोक धोंडीबाला अजून चोरच म्हणतात.