घर नंबर त्रेचाळीसचा ओटा

दारव्हा रोडनं यवतमाळातून बाहेर पडलं, की नाल्याच्या अलीकडं तुळजाई लेआउट लागतं. नाल्यापलीकडं कपाशीची वावरं, अलीकडं नळाचे मीटर. काही वर्षांमागं इथं ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद आहे. डास मात्र बदलले नाहीत. वस्ती म्हणाल तर कोणी नेरचा, कोणी बोरी अरबचा, कोणी पोरांच्या कॉलेजापायी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिलेला. या सगळ्यांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर सदाशिवराव.

तीस वर्षं गाडीतली डोकी मोजली, ती खोड काही जाईना. रोज संध्याकाळी ते आपल्या ओट्यावर बसून लेआउट मोजतात. कुणाकडं पाहुणा आला आणि चार दिवस झाले तरी का हलला नाही, हे त्या घरच्यांच्या आधी त्यांच्या ध्यानात येतं. ओटा मोठा ऐसपैस. फक्त दोन हात रस्त्यावर आलेला. गवंड्याची दोरी सरकली, असं सदाशिवराव सांगतात. ती नेमकी रस्त्याकडंच कशी सरकली, हे ते सांगत नाहीत.

म्हणूनच जनगणनेच्या निकिता मॅडमनी त्यांच्या भिंतीवर लाल खडूनं ४३ लिहिलं, तेव्हा ते ओट्यावरून ताडकन उठले. मागं मोठ्या रस्त्याच्या घरांवर असेच लाल आकडे पडले होते, आणि महिन्याभरात अतिक्रमण म्हणून जेसीबीनं पायऱ्या उचलल्या होत्या. माणसं मोजायची तर भिंत कायले रंगवायची? जनगणना हे नुसतं सोंग, खरा डोळा ओट्यावर, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी त्यांच्या बायको लीलाबाई सडा टाकत होत्या, तेवढ्यात यांनी ओल्या फडक्यानं आकडा पुसला. मॅडम परत आल्या, घर राहिलं वाटून पुन्हा लिहून गेल्या. यांनी पुन्हा पुसला. तिसऱ्या खेपेला मॅडमनी ऑइलपेंटची डबीच आणली, आकडा रंगवला, आणि गल्लीत सावली तेवढीच म्हणून लेआउटचा नकाशा काढायला त्याच ओट्यावर बसल्या.

सदाशिवराव खांबाला टेकून पहारा देऊ लागले. मॅडमनी शेजारची माणसं विचारली, तर यांनी भाडेकरू, पोटभाडेकरू, एवढंच काय, पुण्याहून रुसून माहेरी आलेली लेकही मोजून दिली. स्वतःच्या घरचं विचारलं तेव्हा मात्र, हे कोणत्या कामासाठी, कागद कोणाकडं जाते, असे उलट सवाल. शेवटी आतून लीलाबाईंचा आवाज आला, "दोघंच हावो, मॅडम. पोरगा अमर पुण्यात मोजला जाईन."

सदाशिवराव नकाशावर वाकले. पश्चिमेला नाला होता, पूर्वेला शहराकडचा रस्ता पट्टीनं आखलेला, मध्ये घरांचे चौकोन. त्रेचाळीस नंबरच्या चौकोनापुढं काहीच नव्हतं. ओटा वाचला! त्यांनी सुस्कारा सोडला. पण सुस्कारा पुरता सुटायच्या आतच नवा संशय शिरला. सरकारी कागदात ओटाच नाही, म्हणजे उद्या कोणी म्हणायचं, तुमचा ओटा कधी नव्हताच.

"मॅडम, ओटा काहून नाही काढला?"

"काकाजी, यात फक्त घरं दाखवतात."

ते काही पटेना. बराच वेळ हनुवटी चोळून सदाशिवराव खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "काढजा तुम्ही. फक्त दोन हात कमी काढजा."

मॅडमनी पेन थांबवून आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग स्वतः बसल्या होत्या त्या ओट्याकडं, मग रस्त्याकडं. आणि त्यांनी आपले पाय जरा आत ओढून घेतले.

दारात लीलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "अजी," त्या म्हणाल्या, "सोताच सांगाचं होतं, तं दोनदा भिंत कायले पुसली मग?"

नकाशात ओटा शेवटी आलाच नाही. भिंतीवरचा ४३ मात्र कायम आहे, आणि सदाशिवराव हल्ली जेसीबीचा आवाज आला, की ओट्याच्या आतल्या कडेला सरकून बसतात.