मोईनचा टर्न

आधीच सांगून ठेवते. करणी, भानामती, अंगात येणं... या सगळ्याच्या विरोधात मी परळीच्या चौकात उभी राहून पत्रकं वाटलेली आहेत. त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. उद्या परत वाटणार आहे. त्यामुळे खाली "आत्मा अडकला असेल" छाप कमेंट टाकायच्या असतील तर कृपा करून इथूनच परत जा. हा जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांचा ग्रुप आहे. इथे कन्सोल उघडून बघणारी माणसं आहेत, म्हणून इथे लिहितेय.

परळी वैजनाथला स्टेशनजवळच्या रस्त्यावर मोईनचं टीव्ही रिपेअरचं दुकान होतं. रस्ता तोच, औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या गाड्यांचा. ताडपत्री न टाकता भरधाव जाणाऱ्या. सकाळी काउंटर पुसला तर दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. मोईन गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडायच्या आधी ब्रशनं राख झाडायचा, ती त्याच्याच तोंडावर उडायची. मी राखेविरुद्धच्या मोहिमेतले मास्क आणून द्यायचे. ते तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकायचा. स्वतः कधी लावला नाही.

"काय म्हणतंय पत्रक?" मला बघितलं की तो असंच विचारायचा. माझं नाव शीतल आहे, ते त्यानं कधी वापरलं नाही.

तिसरा बालाजी, दिंद्रुडचा. मालाचा टेम्पो चालवतो, आणि भाडं नसलं की मोईनकडे सोल्डरिंग शिकत बसायचा.

भंगारातून आलेला एक जपानी कन्सोल मोईननं जिवंत केला होता. त्याच्यासोबत एकच कॅसेट होती, जपानी रोल प्लेइंग गेम. आम्हा तिघांना जपानी शून्य. मेनू जागेवरून पाठ केला : वरून पहिलं मारणं, दुसरं जादू, तिसरं औषध, चौथं पळणं. गेममध्ये तीन शिलेदार एकामागे एक चालतात. मोईननं मोबाईलवर जपानी अक्षरं शोधून त्यांना आमची नावं दिली. बालाजी तलवारवाला, मी जादूवाली. मोईन वैद्य, रांगेत कायम शेवटी.

दुकानाचे नियम होते. कंट्रोलर एकच, हातोहात फिरवायचा. ज्याचा शिलेदार त्यानंच त्याचा टर्न खेळायचा, दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही. आणि किल्ल्यातल्या शेवटच्या राक्षसाशी लढताना तिघंही हजर पाहिजेत. आम्ही किल्ल्याच्या अलीकडच्या गावापर्यंत पोचलो होतो, तिथल्या सरायीत सेव्ह केलं होतं. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना माहितीय — सेव्ह फक्त सरायीतच होतं. दुसरीकडे कुठेच नाही.

मोईन लढाईत आधी आम्हाला औषध द्यायचा. बालाजी ओरडायचा, "स्वतःला घे की बे, मरशील."

"तुमी मारनारे हाव. तुमी जगा आधी."

मग खोकला सुरू झाला. मग दम. मग अंबाजोगाईचा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, सिमेंटच्या कामावर होता का? टीव्ही रिपेअर करतो म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एक्स-रेच्या फिल्मकडे बघितलं.

तिथे मोईनला एकच काळजी लागली. कॅसेटमध्ये सेव्ह राखणारा एक नाण्याएवढा सेल असतो. आमचा सेल केव्हाही जाणार होता. तो गेला की सगळं पुसलं. मोईननं बालाजीला नीट समजावलं : दुसरा सेल वायरीनं जोडून ठेव, मग जुना काढ. मध्ये एक क्षण जरी करंट तुटला तर संपलं.

बालाजीनं उलट केलं. टेम्पो भरलेला, त्याच वाटेनं दवाखान्यात जाऊन "झालं" असं सांगायची घाई. जुना आधी उपटला. नवा सोल्डर करताना लक्षात आलं. मला बोलावलं, आम्ही कॅसेट लावली. सेव्हचे तिन्ही खाने रिकामे. मी स्वतः बघितलं.

"शीतल, सांगू नको त्याला. पाया पडतो."

"खोटं मी बोलत नसते."

"एवढं एक बोल की गं."

नाही बोलले. खाटेजवळ उभं राहून सांगितलं. मोईन हसला, हसता हसता खोकत बसला. मागून बालाजी भिंतीला तोंड करून उभा.

"दुसरी जोडल्याबिगरच काढली ना बॅटरी? बाल्याच तो. दुसरं काय करनार हाय?" मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी बसवतो परत."

"पुसलेलं कसं बसवशील?"

"रिपेअरवाला हाय मी, पत्रक. तुझ्या कागदानं न्हाई होनार ते. तिघं असल्याबिगर शेवटच्याला हात लावायचा न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

दवाखान्यातून तो परत आला नाही.

कॅसेट सेव्ह पुसल्याच्या दिवसापासून माझ्याकडे होती. घरी, माझ्या कपाटात, कुलपात. घरात कन्सोल नाही. हे मुद्दाम लिहितेय.

पुढे दुकान मालकाला परत द्यायचं ठरलं. सामान काढायला मी, बालाजी आणि मोईनची अम्मी गेलो. आम्ही दोघं तिला खाला म्हणतो. भर दुपार, शटर उघडं, बाहेर गाड्या चाललेल्या. खाला मोईनच्या स्टुलावर टेकली.

"ते काय खेळत व्हते रे तुमी रोज? जेवायला बी येईना माझा पोरगा. मला बी दाखवा एकदा."

बालाजीनं माझ्याकडे बघितलं. रिकामी का होईना, सुरुवात तरी दाखवू म्हणून मी कॅसेट लावली.

पहिल्या खान्यात सेव्ह होतं. आमची तीन नावं. मोईनचं सगळ्यात वर.

बालाजीनं बटण दाबलं. आम्ही सरायीत नव्हतो. किल्ल्याच्या आत होतो, शेवटच्या दालनात, मागचं दार बंद. तिथे सेव्ह करताच येत नाही. आणि रांगेत वैद्य पुढे उभा.

"बंद कर," मी म्हटलं.

"तो म्हनला व्हता ना बसवतो म्हनून," बालाजी म्हणाला. त्यानं एक पाऊल टाकलं आणि लढाई सुरू झाली.

बालाजीनं तलवार चालवली, कंट्रोलर मला दिला. मी जादू टाकली. तिसरा टर्न मोईनचा. बालाजीनं सवयीनं कंट्रोलर स्टुलाकडे केला, आणि तो खालाच्या मांडीवर राहिला. तिचे दोन्ही हात ओढणीत होते. पडद्यावरचा बाण खाली सरकला. एकदा. परत एकदा. औषधावर थांबला. मग माझ्या नावावर. माझी ताकद भरली.

आम्ही खेळत राहिलो. थांबायचं सुचलं नाही असं नाही, थांबायची हिंमत झाली नाही. दर वेळी तेच. मोईनचा टर्न आला की बाण आपोआप खाली. औषध बालाजीला. औषध मला. वैद्याची स्वतःची ताकद प्रत्येक फटक्यात उतरत चाललेली.

"स्वतःला घे की बे," बालाजी पडद्याला म्हणाला. "मोईन, स्वतःला घे."

शेवटचं औषध माझ्यावर खर्च झालं. पुढच्या फटक्याला वैद्य पडला. त्यानंतर बालाजीच्या तलवारीनं राक्षस मेला.

खालाला गेममधलं काही कळत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "तो पडला तो मोईन ना?"

मी हो म्हटलं.

"इथं बी न्हाई घेतलं त्यानं स्वतःला." तिनं मांडीवरचा कंट्रोलर ओढणीनं पुसला. ओढणीवर राख आली.

शेवटी शिलेदार गावाकडे परत चालत जातात. रांगेत दोघंच होते.

बालाजीनं बंद करून परत चालू केलं. तिन्ही खाने रिकामे. आजही रिकामेच आहेत. फोटो आहे का विचाराल... नाही. तुमचा जिवलग असा समोर पडत असता तर तुम्ही मोबाईल काढला असता का, ते आधी सांगा.

नंतर मी कॅसेट उघडून बघितली. आत बालाजीच्या हातचा तोच बेढब सोल्डरचा डाग आहे, म्हणजे कॅसेट तीच. बटण मांडीनं दाबलं गेलं म्हणाल, तर एकदा जाईल. दर वेळी, बरोबर औषधावर, बरोबर ज्याला गरज त्याच्यावर? पुसलेली मेमरी आपोआप परत येते का? किल्ल्याच्या आतलं सेव्ह कुणी पाहिलंय का? जाणकारांनी सांगावं. मला उत्तर पाहिजे, अगरबत्ती नको. माझ्याकडे उत्तर नाही, हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

पण एक गोष्ट यात मिसळू नका. सेव्ह परत कसं आलं ते मला माहीत नाही. मोईन कशानं गेला ते मला पक्कं माहीत आहे. ते आत्ताही दुकानासमोरून चाललंय, ताडपत्री न टाकता.