परबला गावी जायचंय

एका ऑफिसात आठ वर्षं काढली की बाकी काही साठो न साठो, किस्से साठतात. आमच्या पवईच्या ऑफिसात ते बहुतेक परबच्याच नावावर आहेत. परब आमचा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचा कुठला भाग कुठे बसवायचा ते ठरवणारा. सॉफ्टवेअर एका पॅथॉलॉजी लॅबचं. कुणाच्या घरी रक्त घ्यायला कोण जाणार, नमुना कुठल्या सेंटरला पोचणार, सगळं तेच ठरवतं. बाहेर काही बदललं की ते अडायचं, आणि परबशिवाय कुणाला सुधारता यायचं नाही. त्यापायी चार वर्षं तो गणपतीला कुडाळला, आईकडे, गेला नव्हता.

शेवटी म्हणाला, "आता असं बांधतो, की बदल झाला तर त्याचं ते निस्तरेल. यंदा मी घरी जाणार म्हणजे जाणार."

*

घाटकोपरला रस्ता खणला. आमचं ॲप मात्र रक्त घेणाऱ्या शिंदेला रोज त्याच खड्ड्यातून सरळ जायला सांगत होतं, कारण रस्ते आम्ही प्रोग्राममध्येच पक्के लिहून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी शिंदेने फोन केला, अगदी शांतपणे. "मॅडम, तुम्ही म्हणाल तर उतरतो खाली. फक्त शिडी पाठवा."

परबने रस्ते प्रोग्रामबाहेर काढले आणि 'रस्ता बंद' कळवायची सोय शिंदेच्याच मोबाइलवर दिली. आता शिंदे चहाला थांबला तरी रस्ता बंद असतो.

*

लॅबच्या मॅनेजरबाईंचा आवडता शब्द 'कधीच'. रविवारी सेंटर कधीच उघडणार नाही, रिपोर्ट मराठीत कधीच लागणार नाही. परब मान डोलावून लिहून घ्यायचा.

एकदा मी त्याच्या वहीत डोकावले. प्रत्येक 'कधीच'समोर त्याने एकेक महिना लिहून ठेवला होता! रविवारचा अंदाज तेवढा चुकला, बाई रविवार मागायला पंधरा दिवस आधीच आल्या. पण सोय तयार होती, एक खूण केली की रविवार सुरू.

*

मग त्याला मुद्दाम बंद पाडून बघायचा नाद लागला. भर दुपारी भांडुपचा सर्व्हर बंद केला. काम आपोआप मुलुंडला वळलं. झकास! मी भांडुपला फोन करून विचारलं, काही अडलं का? रिसेप्शनच्या सावंतकाकू म्हणाल्या, छे गं, माझं रजिस्टर आहे ना. आम्हाला न सांगता दोन वर्षं त्या प्रत्येक नमुना हाताने लिहून ठेवत होत्या.

मला राग आला, आम्ही एवढी मेहनत काय उगाच केली? परबने मात्र आराखड्यात एक चौकोन वाढवला आणि आत लिहिलं, 'सावंतकाकू'.

*

यंदा परब गेला. पहिल्याच दिवशी एका सेंटरची वीज गेली, दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम बदलला. सॉफ्टवेअरने दोन्ही निस्तरलं. बिचाऱ्याला सुट्टी मिळू दे म्हणून आम्ही एकदाही फोन केला नाही. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. परबची आई होती, दबक्या आवाजात बोलत होती.

"बाय, तेका एक फोन कर गो. कायतरी बिघाडला म्हणान सांग. तीन दिस तो फोन हातात धरून पडवीत बसलो हा, धड जेवणा नाय."

मी परबला फोन लावला. म्हटलं, मुलुंडचं सेंटर बंद पडलंय रे.

"वाटलंच मला," तो म्हणाला. आवाज एकदम खुलला होता. "थांब जरा, आधी जेवून घेतो."