नायिकेचं कुटुंब

आखातातल्या हमरियात, बांधकामाच्या परांचीवर चढण्याआधी इलियासभाई सेफ्टी बेल्ट आवळत. खालून कुणी घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडलं की म्हणत, "थांब रे, पदर सावरू दे!" रत्नागिरीकडचा काटकुळा, नाजूक जिवणीचा माणूस.

मी तिथल्याच एका ऑफिसात. आमच्या मराठी मंडळाच्या संमेलनाच्या दारातून इलियासभाई आणि त्यांच्या कामगार कॅम्पमधल्या खोलीतल्या माणसांना परत पाठवलं गेलं होतं. कारण? 'फक्त कुटुंबांसाठी.' बायकामुलं गावी ठेवून तुमच्या इमारती उभारणारा माणूस कुटुंबातला नाही म्हणे! मी पत्रकांवर पत्रकं लिहिली. मंडळाच्या ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

"पत्रक कोण वाचतंय बाय? सिनेमा काढ," इलियासभाई म्हणाले.

मोबाइलवर काढला. शंभर वर्षांपूर्वीसारखा, काळापांढरा, मुका. प्रियकर गुलाब आणतो आणि दर वेळी चुकून नायिकेच्या जुळ्या बहिणीलाच देतो. कॅम्पात बाई कुठून आणणार? दोन्ही बहिणी इलियासभाईच. मिशी उतरवली, माझी साडी नेसले, वर पावडरचा थर.

"मुकाच बरा," आरशात बघत म्हणाले. "मी बोललो तर मिशी ऐकू येईल."

नावं न घालता ग्रुपवर टाकला. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन. "अगं, कोण गं ती मुलगी? काय लाजते! माझा भाचा रुवैसला इंजिनीअर आहे, सारखा तेच बघत बसलाय. पुढच्या संमेलनाला आण तिला, पहिल्या रांगेत बसवू. आणि कुटुंबासह यायला सांग हं!"

निरोप ऐकून इलियासभाई हसले नाहीत. "कुटुंबासह म्हणाल्या? नक्की?"

संमेलनाला दारात बाई गजरा घेऊन, शेजारी भाचा गुलाब घेऊन. इलियासभाई आले ते इस्त्रीच्या शर्टात, मागे अख्खी खोली.

"मुलगी कुठाय?" बाईंनी विचारलं.

इलियासभाईंनी नसलेला पदर सावरला, मान तिरकी केली आणि सिनेमातल्यासारखे लाजले. बाईंच्या हातातला गजरा तसाच लोंबत राहिला.

"आणि हे माझं कुटुंब," ते म्हणाले. "हा भात लावतो. हा ताप आला की उशाशी बसतो. कुटुंब आणखी काय करतं, ताई?"

भाचाच आधी खो खो हसला. गुलाब त्यांच्या खिशाला खोचत म्हणाला, "बरोबर बहिणीला दिला ना?" मग अख्खं दार हसलं. बाईसुद्धा. पहिली रांग आमच्या माणसांनी भरली!

इलियासभाई आता नोकरी सोडून गावी, बायकोमुलांत गेलेत. यंदा दारावर मी उभी होते. कॅम्पची बस थांबली. नव्याने आलेल्या एकाने बिचकत विचारलं, "मॅडम, फॅमिली ओन्ली आहे का?"

"हो," मी म्हणाले. "सरका आत, मागे बरीच फॅमिली उभी आहे."