मोफत टँकरची लिंक

दुष्काळाच्या वर्षांत मी वाळूजच्या एका कारखान्यात सर्व्हर आणि पासवर्ड सांभाळायचो. म्हणजे लोक पासवर्ड विसरायचे आणि मी ओरडायचो. एका उन्हाळ्यात मला शहाणपणाची उबळ आली. लोकांना सावध करायचं तर आपणच आधी एक फसवी मेल पाठवायची आणि कोण गळाला लागतं ते बघायचं, हा आमच्या धंद्यातला मान्य उपाय. आमिष तेवढं हवं. लॉटरीला आता कुणी भुलत नाही. पण औरंगाबादेत नळाला आठवड्यानं पाणी येत होतं, आणि शहर वाढत गेलं तिथं नळच पोचले नव्हते. मी लिहिलं, ‘कर्मचाऱ्यांना उद्या मोफत टँकर. लिंकवर पत्ता नोंदवा.’

वाटलं, पाच-दहाजण सापडतील. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा कारखाना सापडला. साहेबांनी दोन पत्ते नोंदवले, दुसरा सासुरवाडीचा. दौलताबादहून कुणाच्या तरी मेव्हण्यानंही नाव लावलं.

निकाल सांगायला ऐटीत निघालो, तर वाटेत अकाउंट्सच्या बाई.

“भाऊ, लई उपकार झाले. उद्या घरी पोरीचा साखरपुडा. टँकर येतोय म्हणून फोन करून सांगितलं, होतं तेवढं पाणी काढून घर धुऊन घ्या. टाकीबी घासून झाली.”

निकाल बाजूला ठेवला. तसाच टँकरवाल्याला फोन लावला.

“उद्या काय, परवाबी नाय. एक काम करा, मोफतची लिंक फिरतीय. पाठवू का? मीबी टाकलाय पत्ता.”

“अहो, तुम्ही स्वतः टँकरवाले!”

“मग? माझा टँकर गिऱ्हाइकाकडं जातो. माझ्या घरी कोन आनून देतंय?”

आमच्या नळाला कालच पाणी येऊन गेलं होतं. मी घरातलं पाणी कॅनमध्ये भरायला लागलो. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “हॅकर परवडला असता. तो निदान पाणी तरी नेत नाही.”

स्कूटरवर दोन-दोन कॅन बांधून मी बाईंच्या घरी खेपा घातल्या. टाकी निम्मी भरली तेव्हा धीर करून म्हणालो, “बाई, ती मेल खोटी होती. मीच पाठवली.”

“व्हय, तुम्हीच पाठवली ते ठाऊक होतं. असलं तुमच्याशिवाय कोण पाठवणार? म्हणून तर विश्वासानं दाबलं. ते राहू द्या, अजून एक खेप होईल का? सिल्लोडचे पाहुणे येणार, पाय धुतील.”

साखरपुडा थाटात झाला. बाई कामावर आल्या आणि ज्याला त्याला सांगत सुटल्या की पाणी थेट टाकीत पडलं. माझ्या टेबलापुढं रांग लागली. सर्वांत पुढं साहेब.

“बाईंचं पोचलं. आमचं कधी?”

“साहेब, लिंक बनावट होती.”

“बनावट कशी? पाणी आलं ना?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेतून आवाज आला, “पासवर्ड लागत असंल तर तोबी सांगतो, पन नंबर पुढं घ्या!”