अर्ज कोणाच्या नावे?

देवाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करण्याची हिंमत अख्ख्या रत्नागिरीत एकाच माणसात आहे, आणि ते माझे सासरे आहेत. वकिली सोडून वर्षं लोटली, पण उलटतपासणी सुटलेली नाही. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नाही. ओटीवरून अंगणात, अंगणातून विहिरीपर्यंत, तिथून परत. हातात फोन, आणि त्यातल्या एआयला हुकूम, ‘हं, महाशय, पुढे बोला.’ जगाला काहीतरी आदिकारण हवं, असं तो म्हणाला की हे विचारणार, मग त्या कारणाला कारण का नको? त्याने ते मान्य केलं की हे लगेच देवाचं वकीलपत्र घेणार. एकदा मासळीबाजारात सुरमई हातात धरून, एवढी नेटकी रचना रचणाऱ्याशिवाय होईल का, असं यांनी विचारलं. कोळीण म्हणाली, “घ्यायची तर घ्या काका, मागे माणसं खोळंबलीत.” सुरमई तिथेच राहिली आणि आम्ही पिठलं खाल्लं.

या येरझाऱ्यांचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी यांनी ग्रामदेवापुढे गाऱ्हाणं घालावं, एवढंच त्यांचं मागणं.

“आहे की नाही ते ठरल्याशिवाय अर्ज करायचा कोणाच्या नावे?” सासरे म्हणाले.

सासूबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी नारळ सोलून, शेंडी राखून ओटीवर ठेवला. प्रत्येक फेरीत तो सासऱ्यांच्या वाटेत येई.

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते फोनमधल्या महाशयांवर चिडले. दोन्ही बाजूंना मान डोलावतो मेला, निकाल काही देत नाही, म्हणाले. मग नारळ उचलून मला म्हणाले, “चला, जावईबापू.”

गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. देवळात मात्र आम्ही दोघंच होतो. सासऱ्यांनी घसा साफ केला.

“देवा महाराजा, तुझ्या अस्तित्वाबद्दल कोणतीही कबुली न देता अर्ज करतो की, हिला सुखरूप घरी आण.”

आयुष्यभर न थांबलेला माणूस नारळ धरून थांबला होता. माझाही देवावर विश्वास नाही.

“होय महाराजा,” मी म्हणालो.

सासूबाई सुखरूप घरी आल्या. हा पुरावा होत नाही, असं सासऱ्यांनी मला दोनदा बजावलंय. उलटतपासणी चालूच आहे. फक्त हल्ली प्रत्येक फेरीत ते आतल्या खोलीच्या दाराशी थांबतात, निजलेल्या सासूबाईंचा श्वास ऐकतात आणि मग विहिरीकडे वळतात. ते पाहिलं की मला उगाच भरून येतं.