ऑर्लीनबाईंचे मिनिटाला तीस

दुकान उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी वेंडेल क्रबनं दोनशे चाळीस डझन अंडी नासवली, आणि तीही अगदी नियमानुसार.

नियम हॉलंडचा होता. तिथल्या एका कंपनीनं अमेरिकेत किराणा दुकानांची साखळी काढली आणि तिची एक कडी ओहायोमधल्या पाइन फोर्क गावात आणून अडकवली. मॅनेजर म्हणून वेंडेलला नेमलं, तीन आठवडे तिकडे नेऊन शिकवून आणलं. परतताना त्याच्या बॅगेत एक जाडजूड नियमपुस्तक होतं आणि डोक्यात त्याखेरीज काही उरलं नव्हतं. पुस्तकाच्या चौऱ्याहत्तराव्या पानावर लिहिलं होतं, अंडी पावाशेजारी, उघड्या फळीवर. वेंडेलनं ती पावाशेजारी, उघड्या फळीवर, दर्शनी काचेमागे, सप्टेंबरच्या उन्हात मांडली.

"अरे, अंडी गारठ्यात ठेव," गल्ल्यावरून ऑर्लीनबाई म्हणाल्या.

"तिकडं सगळे बाहेरच ठेवतात."

"तिकडं धूत नसतील. आपल्याकडं कारखान्यातनंच धुऊन येतात. आंघोळ घातलेलं अंडं उन्हात बसवलं की काय होतं, ते मी दोनदा हुंगलंय."

"पण पुस्तकात..."

"मग पुस्तक हुंग."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी कळवलं आणि जिल्ह्याचा आरोग्य निरीक्षक थर्मामीटर घेऊन आला. त्यानं अंड्यांचा ताप बघितला, वेंडेलकडे बघितलं आणि दारावर पिवळा कागद चिकटवून गेला. दुपारपर्यंत गावानं दुकानाचं बारसं उरकलं होतं. पाटीवरचं डच नाव कुणाच्याच जिभेला वळत नव्हतं. 'सडक्या अंड्यांचं दुकान' मात्र शेंबड्या पोरालाही म्हणता येत होतं.

ऑर्लीन शूप या बाईंनी त्याच इमारतीत, आधीच्या दुकानात, एकतीस वर्षं गल्ला सांभाळला होता. वेंडेल लहानपणी ट्रॉलीच्या बाळबैठकीत बसून, पैसे न दिलेली बिस्किटं कुरतडत त्यांच्यासमोरून गेलेला; त्यामुळे आता तो त्यांचा साहेब झाला तरी 'अरे वेंडेल'च्या वर त्याची बढती झाली नाही. ते जुनं दुकान बुडालं तेव्हा बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. या दुकानात मुलाखतीला आल्या, तर पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत.

"विमा कधीपासून?" एवढंच विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. कुटुंबासकट."

"मग मी आजपासून आले असं लिही."

कुटुंब म्हणजे नवरा, रसेल. लोखंडाच्या ओतशाळेत सत्तावीस वर्षं धूळ खाऊन त्याची फुप्फुसं कामातून गेलेली. नाकात नळी, शेजारी प्राणवायूची टाकी, दिवसातून चारदा श्वासातून ओढायची औषधं, आणि हे सगळं विम्यावर. अशा माणसाला २००८ साली दुसरी कुठलीही आरोग्य विमा कंपनी दारात उभी करत नव्हती. एक मार्चपासून, पासष्टीच्या महिन्यात, त्याला सरकारी विमा मिळणार होता. म्हणजे बाईंना सहा महिने काढायचे होते. फक्त सहा महिने या गल्ल्यावर टिकायचं. आणि तेच जमेना.

कारण गल्ल्यावर खुर्ची होती. हॉलंडात कॅशियर बसून काम करतात. पाइन फोर्कमध्ये गिऱ्हाइकासमोर बसणारी बाई एकतर आळशी किंवा आजारी. पहिल्या दिवशी बाई बसल्या तेव्हा अकरा जणांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि एकीनं चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली. बारावा यायच्या आत बाईंनी खुर्ची मागं ढकलली आणि तिच्यावर आपला डबा ठेवला.

पिशव्यांचंही तेच. डच नियमाप्रमाणे गिऱ्हाइकानं आपली पिशवी आपण भरायची, कॅशियरनं फक्त वस्तू यंत्रावरून सरकवायच्या, मिनिटाला तीस. पाइन फोर्कमध्ये पिशवी भरून देतात. का, ते कुणी कधी विचारलं नाही. नमस्काराला नमस्कार करतात तसं ते आहे. बाईंची पिशवी तर बघत राहावी अशी. जड डबे तळाला, गार वस्तू एकमेकींना बिलगून, पिठाशेजारी साबण चुकूनही नाही, आणि सगळ्यांवर पाव, राजासारखा. हे करता करता त्या गुडघ्यांची, सुनांची, कुत्र्यांची विचारपूस करत. मिनिटाला भरत सतरा.

एमेट लँट्झ आला की सहा. एमेट सत्त्याऐंशीचा, बायको मार्जरी जाऊन चार वर्षं झालेली. तो रोज यायचा आणि रोज एक डबा न्यायचा. सातही डबे एका दिवशी नेले तर उरलेले सहा दिवस बोलायचं कुणाशी, हा त्याचा हिशेब होता. हात इतके थरथरायचे की कागदी पिशवीचं तोंड त्याला उघडायचं नाही.

ट्रॉलीला कुलूप आणि ते उघडायला नाणं, हेही लोकांना झोंबलं. "आम्ही काय ट्रॉल्या पळवणारे वाटलो का रे तुला, वेंडेल?" असं त्याच्या सख्ख्या मावशीनं पार्किंगमध्ये ऐकवलं. गिऱ्हाईक गळत गेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य कचेरीतून हुकूम आला. ज्यांचा वेग तीसच्या खाली, त्यांना थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर कमी करायचं. मोजायला तिथले बडे साहेब, मिस्टर टर्पस्ट्रा, स्वतः येणार. वेंडेलच्या यादीत एकच नाव होतं.

तो बाईंना मागच्या खोलीत घेऊन गेला.

"ऑर्लीनबाई, पाया पडतो. पिशव्या भरू नका. बोलू नका. बसा."

"सणाच्या आदल्या दिवशी? अख्खं गाव येईल रे."

"म्हणून तर तो त्याच दिवशी येतोय."

"आणि एमेट आला तर?"

"एमेटलाही तीस."

बाई गल्ल्यावर परत गेल्या. खुर्चीवरचा डबा उचलून त्यांनी कपाटात ठेवला. वेंडेलला वाटलं होतं त्या आपल्याला झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं.

सणाच्या आदल्या दिवशीचा बुधवार उजाडला. गोठवलेल्या टर्की आणि भोपळ्याचे डबे घेऊन लोक रांगेला लागले. अंड्यांचा राग धरून बसलेलेही आले, कारण बर्फ पडलं होतं आणि दुसरं दुकान अकरा मैलांवर होतं. मिस्टर टर्पस्ट्रा काउंटरच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहिले. सज्जन माणूस. येताना सगळ्यांसाठी ज्येष्ठमधाच्या गोळ्या घेऊन आलेला. ऑर्लीनबाई बसल्या आणि सुरू झाल्या.

वेंडेलनं असं काही पाहिलं नव्हतं. बाईंचे हात विणकामाच्या यंत्रासारखे चालत होते. बीप, बीप, बीप. टर्की, बटाटे, लोणी, पाव, पावावर सोड्याची बाटली. कुणी म्हणालं, "ऑर्लीन, रसेल कसा आहे?" बीप. कुणी म्हणालं, "ऑर्लीन, मला नात झाली!" बीप. नातवाली बाई हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून पुढे सरकली, तिला ते कुठे ठेवावं कळेना. माल पलीकडे ढिगानं साचत होता आणि लोक त्या ढिगापाशी हात लोंबकळत ठेवून उभे होते, पुढच्याचा माल मागच्याच्या मालात मिसळत होता.

मग एमेट आला. कोट घालून, सणाचा म्हणून टाय लावून. हातात भोपळ्याचा एक डबा.

"मार्जरीच्या पद्धतीनं पम्पकिन पाय करणार आहे," तो म्हणाला. "दालचिनी किती घालायची ते तुलाच ठाऊक, तुला तिनं सांगितलं होतं."

बीप.

"ऑर्लीन?"

बाईंनी मान वर केली नाही. पुढचा माल ओढला. एमेट पिशवीचं तोंड उघडायला लागला. कागद नुसता फडफडत राहिला. मागच्याचे बटाटे येऊन डब्यावर आदळले. थोड्या वेळानं त्यानं पिशवी घडी करून नीट काउंटरवर ठेवली, डबाही तिथंच ठेवला, आणि टोपी घालून निघून गेला. वेंडेल चार पावलांवर उभा होता. चार पावलं चालायला त्याला जमलं नाही.

मिस्टर टर्पस्ट्रांनी घड्याळ बंद केलं. "चौतीस," ते म्हणाले. "हॉलंडमध्येही इतकं कमी जणांना जमतं. अभिनंदन."

"आभारी आहे," म्हणून ऑर्लीनबाई स्वच्छतागृहात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

नोकरी वाचली. सोमवारपर्यंत. सोमवारी सकाळी वेंडेलच्या टेबलावर पत्र आलं, की कंपनी अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करून परत जात आहे. पंधरा जानेवारी शेवटचा दिवस. कर्मचाऱ्यांचा विमा एकतीस जानेवारीपर्यंत चालेल. गिऱ्हाइकांचा प्रतिसाद मिळाला नाही, असं कारण दिलं होतं. अंड्यांचा उल्लेख नव्हता, पण वेंडेलला प्रत्येक ओळीत त्यांचा वास आला.

पत्र घेऊन तो गल्ल्यावर गेला. दुकान रिकामं होतं. ऑर्लीनबाई उभ्या होत्या. समोर एक कागदी पिशवी, तिच्यात भोपळ्याचा तो डबा, दालचिनीची बाटली, लोणी, अंडी, आणि सगळ्यांवर पाव. पिशवीवर एमेटचं नाव आणि पत्ता. घरी जाताना त्या ती त्याच्याकडे पोचवणार होत्या.

"कालही गेले होते," त्या म्हणाल्या. "दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता."

वेंडेलनं पत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, मिनिटाला दोन ओळी. एकतीस जानेवारीपाशी त्यांचं बोट थांबलं. मग ते बोट कागद सोडून काउंटरवर आलं आणि तिथं काहीतरी मोजायला लागलं. वेंडेलनं मनातल्या मनात आधीच मोजलं होतं. एकतीस जानेवारी ते एक मार्च. मधला सगळा फेब्रुवारी रसेल विम्याविना.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. त्याच्या नियमपुस्तकात अशा प्रसंगाला पान नव्हतं, म्हणून त्याच्या तोंडून आलं ते त्याचं स्वतःचं होतं.

"ऑर्लीनबाई, त्यातल्या त्यात बरं म्हणजे महिना लहान आहे. अठ्ठावीसच दिवस. कसेतरी निघतील, नाही का?"

ऑर्लीनबाईंनी चष्मा काढला, पत्राची घडी केली आणि ते त्याच्या खिशात परत ठेवलं.

"आधी तू एक मिनिट श्वास रोखून दाखव."